नोकरी सांभाळून बी.ई. करायचं म्हणजे नेमकं काय काय करायचं

चाकणला जा, वाळूजला जा किंवा बुटीबोरीला. डिप्लोमावर दहा-बारा वर्षं काढलेली माणसं प्रत्येक एमआयडीसीत भेटतात. यंत्राचा आवाज ऐकून बिघाड सांगतील, पण वरच्या पदाच्या अर्जात 'पदवी' हा रकाना आला की थांबतात. आपण त्यांच्यापैकी असाल, तर पुढचं सगळं आपल्यासाठीच आहे.

आधी वयाचं बोलू. डिप्लोमानंतर पदवीला प्रवेश घ्यायला महाराष्ट्रात कमाल वयाची अट नाही. चाळिशीतला माणूसही रीतसर अर्ज करू शकतो.

आता वाट निवडायची. पहिली वाट थेट द्वितीय वर्षाची, म्हणजे पहिलं वर्ष वगळून दुसऱ्या वर्षात बसण्याची. सीईटी द्यावी लागत नाही. डिप्लोमाच्या गुणांवर यादी लागते. खुल्या गटाला किमान ४५ टक्के, राखीव गटांना ४० टक्के. तीन वर्षांत पदवी. पण कॉलेज दिवसाचं आणि पूर्णवेळ असतं. पहिल्या पाळीची नोकरी त्यासोबत चालत नाही, आणि हे फी भरल्यावर लक्षात आलेले लोक कमी नाहीत.

दुसरी वाट नोकरदारांसाठीच्या तुकडीची. तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या एआयसीटीई या केंद्रीय परिषदेने २०२३-२४ पासून ही सोय दिली आहे. वर्ग नोकरीच्या वेळा पाहून, म्हणजे संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी ठेवता येतात. अट अशी की, किमान एक वर्षाचा नियमित पूर्णवेळ अनुभव हवा आणि नोकरीचं ठिकाण कॉलेजपासून ठरावीक अंतराच्या आत हवं.

इथे एक गोष्ट अडते. आपण रोज ज्या कंपनीच्या गेटातून आत जातो, तिच्या हजेरीपटावर आपण असतोच असं नाही. पगार ठेकेदाराकडून येत असतो. अनुभवाचा दाखला मग त्याच्याच लेटरहेडवर घ्यावा लागतो. तो कॉलेजला चालेल का, आणि पीएफच्या नोंदीशी त्यातल्या तारखा जुळतात का, हे अर्जाआधी विचारून घ्या.

तिसरी वाट कोणीतरी दाखवेलच: घरबसल्या, पत्राद्वारे इंजिनिअरिंगची पदवी. तिकडे अजिबात जाऊ नका. काही अभिमत विद्यापीठांनी मंजुरीशिवाय अशा पदव्या वाटल्या होत्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला आणि त्या पदव्यांच्या जोरावर नोकरी करणाऱ्यांची झोप उडाली. ऑफिसातले वडीलधारे 'एएमआयई कर' असंही सांगतील. त्यांच्या काळात तो सल्ला योग्यच होता. पण अभियंत्यांच्या व्यावसायिक संस्थेच्या त्या परीक्षांना पदवीच्या बरोबरीचं स्थान ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच आहे.

म्हणून कॉलेज निवडताना 'मान्यताप्राप्त' या पाटीवर थांबू नका. एआयसीटीईच्या संकेतस्थळावर संस्था, शाखा आणि वर्ष असं तिन्ही जुळवून पाहा. मंजुरी शाखेनुसार आणि वर्षानुसार मिळते. मेकॅनिकलला असली म्हणून कॉम्प्युटरलाही असेल असं नाही.

कागद आधीपासून जमवा. शाळा सोडल्याचा दाखला, डिप्लोमाच्या सगळ्या गुणपत्रिका, अधिवास दाखला, शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र, नोकरीच्या जागेचं ना-हरकत पत्र. सरकारी नोकरीत असाल तर परवानगी प्रवेशाआधीच घ्यायची, नंतर नाही. राखीव जागेसाठी जात-वैधता प्रमाणपत्र लागतं. ते हाती यायला महिने जातात आणि अर्जाची मुदत त्यासाठी थांबत नाही.

थेट द्वितीय वर्षासाठी मग कॅप, म्हणजे राज्यभरातल्या जागा एकाच ठिकाणाहून वाटण्याच्या फेऱ्या. ऑनलाइन पर्याय भरताना घराचं आणि कारखान्याचं अंतर पाहूनच क्रम लावा. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं की ती जागा पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांतून आपण बाहेर पडतो. नावाजलेलं पण दोन तासांवरचं कॉलेज सहज म्हणून पहिलं टाकलं, तर ते सहजच मिळू शकतं.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते, आणि तिचं नाव एम-थ्री. तिसऱ्या सत्रातलं हे गणित पहिल्या वर्षातल्या दोन पेपरांच्या पायावर उभं असतं, आणि आपण तर ते वर्षच वगळून आलेलो असतो. लाप्लास रूपांतर म्हणजे अवघड समीकरण सोप्या रूपात बदलून सोडवण्याची रीत. ती समजायला अवघड नाही. पण आंशिक अपूर्णांक आणि संकलनाची सूत्रं विसरलेली असली की पहिल्याच गणितात हात थांबतो. प्रवेश मिळेपर्यंतचे महिने म्हणूनच वाया घालवू नका. बारावीच्या पुस्तकातलं विकलन आणि संकलन रोज तासभर, वही-पेन घेऊन करा. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएल या संकेतस्थळावर फुकट आहेत, पण ती ऐकून भागत नाही. गणितं स्वतःच्या हाताने सुटायला हवीत.

प्रात्यक्षिकांत मात्र आपण तरुण मुलांच्या पुढे असता. म्हणून गाफील राहून जर्नल शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं, आणि नेमका तोच कारखान्यात महिनाअखेरचा माल पाठवण्याचा आठवडा निघतो. सत्र सुरू होताच कॉलेजचं वेळापत्रक सुपरवायझरला दाखवा, परीक्षेच्या दिवसांपुरती पाळी बदलून मागा आणि रजेचा अर्ज लेखी देऊन पोच घ्या.