होतकरू पिचरची पारख



क्रिकेट आपल्या घराघरांत पोचलेले आहे. बेसबॉल मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी चित्रपटात नाहीतर टीव्हीवरच पाहिलेला असतो. तरीही त्या खेळातील एक प्रश्न आपणा सर्वांच्या विचाराचा आहे. अठरा-वीस वर्षांचा एखादा मुलगा चेंडू फार जोरात फेकतो; तो पुढे मोठा खेळाडू होईल की नाही, हे आज कसे ओळखावे? अमेरिकेत या एका प्रश्नावर शेकडो जाणकार वर्षभर काम करतात, आणि तरीही त्यांचे अंदाज वरचेवर चुकतात. ही पारख कशी होते, हे या लेखात समजून घेऊ.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेऊ. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात. तो ६० फूट ६ इंचांवरून, टप्पा न पाडता, फलंदाजाकडे चेंडू फेकतो. आपल्या क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची असते, म्हणजे हे अंतर थोडे कमीच. तीन ‘स्ट्राइक’ झाले की फलंदाज बाद होतो. त्यास ‘स्ट्राइकआउट’ म्हणतात. उलट चार चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेर गेले आणि फलंदाजाने ते सोडून दिले, तर त्याला फुकट पहिल्या बेसवर जाता येते; तो ‘वॉक’. हे दोन शब्द लक्षात ठेवावेत, कारण पुढे त्यांचेच काम आहे.

अमेरिकेतील मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत. नवे खेळाडू थेट तेथे जात नाहीत. त्यांच्यासाठी मायनर लीगची शिडी आहे. २०२१ च्या फेररचनेपासून तिच्या चार मुख्य पायऱ्या आहेत : सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. प्रत्येक मोठ्या संघाचा प्रत्येक पायरीवर एक, असे एकूण १२० संघ होतात. अगदी नवख्यांसाठी याखाली आणखी एक पायरी असते. शाळांच्या भाषेत सांगायचे तर या इयत्ता आहेत. फरक इतकाच, की येथे वरच्या वर्गात जाणारे थोडे आणि वाटेत गळणारे फार.

आता पारख. संघाचे निरीक्षक, ज्यांना स्काउट म्हणतात, प्रत्येक गुणास २० ते ८० पर्यंत अंक देतात. ५० म्हणजे मेजर लीगमधील सर्वसाधारण खेळाडूची पातळी. ६० चांगला, ७० फार चांगला, आणि ८० अगदी विरळा. पिचरच्या प्रत्येक प्रकारच्या चेंडूस वेगळे अंक मिळतात : वेगवान चेंडू, वळणारा चेंडू आणि हाताचा वेग तोच ठेवून हळू फेकलेला फसवा चेंडू. याशिवाय चेंडू हव्या त्या जागी टाकण्याचे कसब वेगळे मोजतात. विशेष म्हणजे प्रत्येक गुणापुढे दोन आकडे लिहिण्याची पद्धत आहे. एक आजचा, दुसरा पुढे होऊ शकणारा. मुलगा आज कोठे आहे आणि तो कोठवर जाऊ शकेल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, याची ती आठवणच समजावी.

वेग मोजणे सर्वांत सोपे. मेजर लीगमध्ये वेगवान चेंडूची सरासरी अलीकडे ताशी सुमारे ९४ मैल, म्हणजे सुमारे १५१ किलोमीटर आहे. परंतु केवळ वेगाने भागत नाही. स्टीव्ह डाल्कोव्स्की हे याचे ठळक उदाहरण. त्याच्याइतका वेगवान पिचर आपण पाहिला नाही, असे त्या काळचे अनेक खेळाडू सांगत. १९६० साली कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथे त्याने १७० इनिंगमध्ये २६२ स्ट्राइकआउट केले, आणि वॉकही बरोबर २६२ दिले! १९६२ मध्ये अर्ल वीव्हर या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्याचे नियंत्रण बरेच सुधारले. पण १९६३ च्या वसंतातील सराव सामन्यात कोपर दुखावले, आणि तो मेजर लीगमध्ये एकही सामना न खेळता निवृत्त झाला.

मग आकडे पाहावेत का? अवश्य पाहावेत, पण कोणते, हे महत्त्वाचे. समजा, दोन पिचर आहेत. पहिला २४ वर्षांचा, सिंगल-ए मध्ये खेळतो. दर ९ इनिंगमागे तो सरासरी २.४ धावा देतो, आणि १०० फलंदाजांमागे त्याचे १७ स्ट्राइकआउट व ९ वॉक आहेत. दुसरा २० वर्षांचा, डबल-ए मध्ये खेळतो. त्याच्या धावा ४.३, पण १०० फलंदाजांमागे २७ स्ट्राइकआउट आणि ८ वॉक. गुणपत्रिका वरवर पाहणारा पहिल्याची निवड करील. जाणकार मात्र दुसऱ्यावर बोट ठेवील.

याची तीन कारणे आहेत. पहिले कारण वय. २४ वर्षांचा तरुण १९-२० वर्षांच्या मुलांना फसवतो, यात नवल नाही. विशीतला मुलगा आपल्याहून मोठ्यांना बाद करतो, तेव्हा ते लक्षणीय. दुसरे कारण असे, की धावा एकट्या पिचरच्या हाती नसतात. २००१ मध्ये व्होरोस मॅक्रॅकन या अभ्यासकाने दाखवून दिले, की मैदानात मारला गेलेला चेंडू झेलला जातो की निसटतो, यावर पिचरचा ताबा आपण समजतो त्यापेक्षा फारच कमी असतो. क्षेत्ररक्षक आणि दैव यांचाही त्यात वाटा असतो. स्ट्राइकआउट आणि वॉक यांत मात्र क्षेत्ररक्षकांचा हात नसतो. तिसरे कारण मैदान. न्यू मेक्सिकोतील आल्बुकर्की शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५,००० फूट उंच आहे. तेथील विरळ हवेत चेंडू लांब जातो, आणि चांगल्या पिचरचाही हिशेब बिघडतो.

निकाल किती फसवे असतात, हे ग्रेग मॅडक्सच्या चरित्रात दिसते. शिकागो कब्जने १९८४ मध्ये त्याला दुसऱ्या फेरीत निवडले. १९८७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मेजर लीगमधील पहिल्या पूर्ण हंगामात त्याच्या नावावर ६ विजय आणि १४ पराभव लागले. त्या एका वर्षावरून निकाल दिला असता तर? पुढच्याच वर्षी त्याने १८ सामने जिंकले, आणि कारकीर्द संपली तेव्हा विजयांची संख्या ३५५ होती. जेकब डीग्रोम महाविद्यालयात मुख्यतः क्षेत्ररक्षक व फलंदाज म्हणून खेळे. २०१० मध्ये त्याची निवड नवव्या फेरीत झाली, त्याच वर्षी कोपराची शस्त्रक्रिया झाली, आणि मेजर लीगमध्ये तो २०१४ साली, जवळजवळ २६ व्या वर्षी पोचला. २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. याउलट ब्रायन टेलर १९९१ मध्ये देशात पहिल्या क्रमांकाने निवडला गेला, यांकीज संघाने त्याला साडेपंधरा लाख डॉलर दिले. १९९३ च्या डिसेंबरमध्ये मैदानाबाहेरच्या एका भांडणात त्याचा खांदा निखळला, आणि तो मेजर लीगपर्यंत कधीच पोचला नाही.

आपल्या देशाचेही एक उदाहरण आहे. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेक करणारे युवक. २००८ मध्ये टीव्हीवरील एका स्पर्धेतून त्यांची निवड झाली, आणि ज्यांनी तोवर बेसबॉल हाती धरला नव्हता, त्यांच्याशी पिट्सबर्ग पायरेट्सने करार केला. दिनेश २०१० अखेर परतला. रिंकू सिंगल-ए पर्यंत चढला. पुढे दुखापतींनी त्याची वाट अडवली. हात बळकट होते, मेहनतही होती. पण समोरचे खेळाडू लहानपणापासून हा खेळ खेळत आलेले होते.

शेवटी सर्वांत गंभीर गोष्ट, म्हणजे स्वतः तो हात. जोराने चेंडू फेकताना कोपराच्या आतील बाजूच्या अस्थिबंधावर फार मोठा ताण येतो. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरचा तुटलेला अस्थिबंध दुसऱ्या हाताचा स्नायुबंध वापरून नव्याने उभा केला. जॉन त्यानंतर १९८९ पर्यंत खेळला, आणि शस्त्रक्रियेला त्याचेच नाव पडले. आज ही शस्त्रक्रिया शाळकरी मुलांवरही करावी लागते. म्हणून २०१४ पासून तेथे वयानुसार मर्यादा सुचवल्या आहेत : ९-१० वर्षांच्या मुलाने दिवसाला ७५, ११-१२ च्या मुलाने ८५, तर १७-१८ च्या युवकाने १०५ हून अधिक चेंडू टाकू नयेत, अधिक चेंडू टाकल्यावर काही दिवस विश्रांती घ्यावी, आणि वर्षातून किमान चार महिने पिचिंग बंद ठेवावे. वेगाच्या मागे लागून दरवेळी सारी शक्ती पणाला लावणे हे दुखापती वाढण्याचे एक मोठे कारण असल्याचे मेजर लीगच्या २०२४ च्या अहवालातही म्हटले आहे.

येथेच पारख करणाऱ्याची जबाबदारी सुरू होते. ‘हा मुलगा मोठा होणार’ असे एकदा ठरले, की त्याला जास्त खेळवण्याचा मोह सर्वांना होतो : प्रशिक्षकास, संघास आणि घरच्यांस. ज्या गुणासाठी त्याची निवड झाली, तोच गुण मग अतिवापराने नष्ट होतो. म्हणून चांगला निरीक्षक आपले मत दरवर्षी नव्याने तपासतो, वय पाहिल्यावाचून आकडा वाचत नाही, आणि पहिल्या अपयशावर कोणास मोडीत काढत नाही.

आपल्या मैदानावर जोरात चेंडू टाकणारी मुले क्रिकेटची आहेत, पण खांदा आणि पाठ त्यांचीही कोवळीच असते. पालकांनी आणि क्रीडा शिक्षकांनी मुलाने किती बळी घेतले हे जरूर विचारावे. परंतु त्याआधी त्याने आठवड्यात किती चेंडू टाकले आणि त्याचा हात दुखतो का, हे विचारावे. आणि मुलांनो, हात दुखत असेल तर तो लपवू नका. संघातून एक सामना सुटला तर पुढचा मिळतो; हाताचे तसे नाही.