कावीळ उतरत नाही? पित्तनळीत खडा असू शकतो

पाटात दगड अडकला तर काय होते? पुढच्या सऱ्या कोरड्या राहतात आणि मागे पाणी तुंबून पाट फुटतो. आपल्या पोटातही असाच एक पाट आहे. यकृतात तयार होणारे पित्त बारीक नळ्यांतून मोठ्या नळीत येते आणि तेथून आतड्यात उतरते. या नळीत खडा अडकला की पित्त मागे तुंबते, रक्तात मिसळते आणि डोळे पिवळे होतात.

घरात कोणाला कावीळ झाली की आपण झाडपाल्याचे औषध देतो, पथ्य पाळतो. पुष्कळांना गुण येतो, कारण विषाणूंमुळे झालेली कावीळ बहुधा विश्रांतीनेच उतरते. खड्याची कावीळ मात्र पाल्याने जात नाही. ती ओळखावी कशी? लघवी गडद होते, शौच पांढुरके होते, अंगाला खाज सुटते आणि उजव्या बरगडीखाली कळ येते. त्यात हुडहुडी भरून ताप आला, तर एक दिवसही दवडू नका. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले, तर जिवावर बेतते.

‘पोट फाडतील’ या भीतीने घरी बसू नका. १९७४ साली जर्मनीत क्लासेन व डेमलिंग यांनी आणि जपानात कावाई यांनी तोंडावाटे दुर्बीण घालून नळीचे तोंड आतूनच मोकळे करण्याची रीत दाखवून दिली. आता तोंडावाटेच दुर्बीण आतड्यापर्यंत नेतात, नळीच्या तोंडाला लहानसा छेद देतात आणि छोट्या जाळीने किंवा फुग्याने खडा ओढून काढतात. पोटावर टाका पडत नाही. खडे यकृताच्या आतल्या नळ्यांत असले, तर काही वेळा बरगड्यांमधून सुईने वाट करून, ती हळूहळू रुंदावून दुर्बिणीने खडे फोडून काढतात. त्याला अनेक खेपा लागतात.

यातही धोका आहेच. कधी स्वादुपिंडाला सूज येते, कधी रक्तस्राव होतो. म्हणून हे काम नेहमी करणारेच रुग्णालय गाठा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. पित्ताशयातही खडे असतील, तर ते काढण्याचा डॉक्टरांचा सल्ला टाळू नका. नाहीतर तेथून खडा पुन्हा नळीत उतरेल.

सुरुवात रक्ततपासणी आणि सोनोग्राफीने होते. तेवढी तरी वेळेवर करा. पाट फुटल्यावर धावण्यापेक्षा दगड आधी काढलेला बरा!