बिलाला ‘हो’ म्हटल्यावर

शिरोलीच्या फाउंड्रीतून संध्याकाळी निघालेला कास्टिंगचा ट्रक पहाटे चाकणच्या गेटवर उभा असतो. अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, आणि टनावारी लोखंड एका रात्रीत त्यावरून जातं. त्याच मालाचे पैसे उलट दिशेनं, चाकणहून शिरोलीला यायला, नुसता यंत्रांचा वेळ मोजला तर काही सेकंद पुरतात. तरी फाउंड्रीवाल्याच्या खात्यात ते पडतात दीड महिन्यानं, कधी तीन महिन्यांनी. ज्याला वजन आहे ते रात्रीत पोचतं आणि ज्याला वजनच नाही ते महिनोन्‌महिने वाटेत! मग हा पैसा इतके दिवस नेमका असतो कुठे?

एक बिल धरून चालू. ५०० नग, नगाला १,४०० रुपये, म्हणजे ७ लाख. त्यावर १८ टक्के जीएसटीचे १ लाख २६ हजार. एकूण ८ लाख २६ हजार रुपये.

वर्षाला ५ कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या व्यवसायाला १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या व्यवसायाच्या नावचं असं बिल स्वतःच छापून भागत नाही. ते आधी सरकारमान्य पोर्टलवर नोंदवावं लागतं. तिथे विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिलाचा क्रमांक या चार गोष्टी एकत्र करून एका गणिती प्रक्रियेतून काढल्या जातात आणि बाहेर पडते ६४ खुणांची एक लांबलचक ओळ. शून्य ते नऊ हे आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं, एवढाच मालमसाला. पण बिलाच्या क्रमांकातला एकच आकडा बदलून पाहा, ६४ पैकी बहुतेक सगळ्या खुणा बदललेल्या दिसतील. अशा किती वेगवेगळ्या ओळी होऊ शकतात? १ लिहून त्यापुढे ७७ शून्यं मांडली तरी त्याहून थोड्या जास्तच. देशातल्या सगळ्या कारखान्यांनी जन्मभर बिलं फाडली तरी दोघांच्या वाट्याला एकच ओळ येण्याची भीती बाळगायचं कारण नाही. तेच बिल दुसऱ्यांदा नोंदवायला गेलं तर मात्र पुन्हा तीच ओळ निघते आणि पोर्टल ते परत पाठवतं.

बिलावरच्या त्या चौकोनी क्यूआर कोडमध्ये ही ओळ असते, शिवाय विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, तारीख आणि रक्कमही असते, आणि या सगळ्यावर पोर्टलची डिजिटल सही. कागदावर कुणी ८ लाखांचे ९ लाख केले तर सहीखालचा आकडा ते लगेच उघडं पाडतो. शिरोलीच्या टेबलावर तयार झालेला कागद चाकणच्या माणसाला न भेटता, न विचारता खरा म्हणून पटवता येतो. व्यापारात हे शतकानुशतकं ओळखीवर चालत आलेलं काम होतं.

माल पोचला, बिलही पोचलं. पैसे मात्र अजून हललेले नाहीत, कारण आता तीन कागदांची गाठ पडायची असते. खरेदी विभागानं काढलेली ऑर्डर, म्हणजे पीओ. स्टोअरनं माल मोजून घेतल्याची नोंद, म्हणजे जीआरएन. आणि आपलं बिल. पीओ सांगतो काय मागवलं, जीआरएन सांगते काय आलं, बिल सांगतं कशाचे पैसे हवेत. तिन्हींत नग आणि दर जुळले तरच संगणक बिल पुढे सोडतो. क्वालिटीवाल्यांनी १२ नग ब्लो होल दिसले म्हणून बाजूला काढले, तर जीआरएन ४८८ ची होते, बिल राहतं ५०० चं, आणि अनेक ठिकाणी १२ नगांपायी सगळं बिल अडकून बसतं. मग त्या १२ नगांची रक्कम कमी करणारी डेबिट नोट निघेपर्यंत थांबा.

कोणत्याही औद्योगिक वसाहतीत महिनाअखेरीला ऐकू येणारा संवाद असतो तो इथला. “साहेब, आमचं बिल पास झालं का?” “अहो, जीआरएनच पडली नाही अजून. स्टोअरला विचारा.” स्टोअरवाला म्हणतो क्वालिटीला विचारा, क्वालिटीवाला म्हणतो पीओत दर जुना आहे, पर्चेसला विचारा. आपण म्हणतो पैसे अडकले. खरं तर त्या वेळी अडकलेला असतो तो खरेदीदाराचा होकार, आणि पैसा अजून त्याच्याच खात्यात मुक्कामाला असतो. इलेक्ट्रॉनिक पेमेंटचा विचार करताना आपलं सगळं लक्ष बँकेच्या वेगाकडे जातं, पण दिवस खाल्ले जातात ते या तीन कागदांच्या मध्ये, असं माझं ठाम मत आहे.

आपल्या बिलाचं सगळं जुळलं असं धरू. पेमेंटचा ठरलेला दिवस उजाडला. अकाउंट्समधल्या एकानं यादी तयार केली, दुसऱ्यानं तपासून मंजूर केली, कारण एकाच माणसाला दोन्ही करू द्यायचं नाही हा नियम. शेकडो पुरवठादारांची नावं असलेली एकच फाइल कंपनीच्या संगणकातून थेट बँकेच्या संगणकात गेली. यापुढचा प्रवास खरोखर डोळे विस्फारायला लावणारा आहे.

चाकणच्या कंपनीचं खातं एका बँकेत, फाउंड्रीचं दुसऱ्या. या दोन्ही बँकांची खाती रिझर्व्ह बँकेत. २ लाखांपासून वरची रक्कम आरटीजीएसनं पाठवता येते, आणि आपली रक्कम त्यात बसते. पहिली बँक कंपनीच्या खात्यातून रक्कम वजा करते आणि ठरलेल्या साच्यातला एक संदेश रिझर्व्ह बँकेकडे पाठवते. तिथे पहिल्या बँकेच्या खात्यातून तेवढी रक्कम कमी होते, दुसऱ्या बँकेच्या खात्यात तेवढीच वाढते. झालं! कुठेही नोटा हलल्या नाहीत, तिजोरी उघडली नाही. एकाच वहीतल्या दोन आकड्यांनी जागा बदलली आणि कायद्यानं तो व्यवहार पक्का झाला. परत फिरवता न येणारा. दुसऱ्या बँकेनं तिथून अर्ध्या तासाच्या आत रक्कम फाउंड्रीच्या खात्यात जमा करायची असते. २६ मार्च २००४ ला ही व्यवस्था सुरू झाली आणि १४ डिसेंबर २०२० पासून ती रात्रंदिवस, रविवारी, दिवाळीलाही चालू असते.

प्रत्येक व्यवहार असा सुटा आणि लगेच पुरा करण्याचा आग्रह का, हे समजायला जर्मनीतल्या कोलोन शहरात जावं लागतं. २६ जून १९७४. हेरश्टाट नावाची बँक परकीय चलनाच्या सौद्यांत बुडाली आणि तिथल्या नियामकांनी दुपारी कामकाज संपल्यावर तिला टाळं ठोकलं. त्या दिवशी अनेक बँकांनी तिला जर्मन मार्क देऊन टाकले होते आणि बदल्यात न्यूयॉर्कमध्ये डॉलर मिळायचे होते. पण कोलोनमधली दुपार म्हणजे न्यूयॉर्कची सकाळ. मार्क गेले, डॉलर आलेच नाहीत. देणं आणि घेणं यांच्या मधली काही तासांची फट किती महागात पडू शकते, हे जगभरच्या बँकांना त्या दिवशी कळलं. ही फट बुजवण्याच्या पुढच्या अनेक वर्षांच्या धडपडीत देशोदेशी आरटीजीएससारख्या व्यवस्था उभ्या राहिल्या.

एनईएफटीचा मार्ग वेगळा आणि त्याचं गणित फार सुंदर. तिथे दर अर्ध्या तासाला एक असे दिवसाला ४८ घाणे निघतात, आणि प्रत्येक घाण्यात आधी वजाबाकी होते. समजा पहिल्या बँकेनं दुसरीला १०० कोटी द्यायचे, दुसरीनं तिसरीला ९०, आणि तिसरीनं पहिलीला ८०. एकूण देणी २७० कोटींची. हिशेब मांडला तर पहिलीनं २० कोटी काढून दिले की दुसरी आणि तिसरी प्रत्येकी १० घेऊन मोकळ्या होतात. २७० कोटींचं काम २० कोटींत! खऱ्या घाण्यात बँका खूप असतात आणि देणी लाखोंनी, पण वजाबाकी हीच.

या सगळ्यात एक जागा बरीच वर्षं उघडी होती. रक्कम जमा होताना पाहिला जायचा तो फक्त खाते क्रमांक, नाव जुळतंय का हे नाही. ‘आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढे पैसे इथे पाठवा’ असा पुरवठादाराच्या नावानं खोटा ईमेल पाठवणाऱ्यांचं त्यामुळे फावायचं. आता पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्या, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं.

शिरोलीत मोबाइल वाजतो: ८,२५,३०० रुपये जमा. बिल तर ८,२६,००० चं होतं. ७०० रुपये कुठे गेले? मोठ्या खरेदीवर प्राप्तिकराचा ०.१ टक्का घेणारा कापून सरकारकडे भरतो, आणि तो जीएसटी सोडून ७ लाखांवर, म्हणून ७००. हे ओळखायला संदेशासोबत बिलाचा क्रमांक आला तर बरं. नाही आला तर हाताशी राहतो तो यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा स्वतःचा क्रमांक. आरटीजीएसच्या यूटीआरमध्ये २२ खुणा असतात: पहिली चार अक्षरं पाठवणाऱ्या बँकेची, मग आरटीजीएसचं आर, मग मार्गाची खूण, आठ आकड्यांत तारीख आणि शेवटी आठ आकडी अनुक्रमांक. इतक्या व्यवहारांच्या गर्दीत आपले ८ लाख २५ हजार ३०० रुपये नेमके बोट ठेवून दाखवता येतात.

आता पुन्हा त्या अडकलेल्या होकाराकडे. कायदा लहान उद्योगांच्या बाजूनं उभा आहे. २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे, नाही तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. पण ज्याच्या ऑर्डरवर भट्टी पेटते त्याच्याकडे व्याज मागणार कोण? २०२३ च्या वित्त कायद्यानं म्हणून दुसरी बाजू आवळली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते देईपर्यंत तो खर्च खरेदीदाराला करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही.

आणि यापेक्षा मला जास्त भावतो तो ट्रेड्स नावाच्या मंचांचा मार्ग. पेशवाईत मुदतीची हुंडी मुदतीआधी सराफाकडे नेऊन थोडी सूट देऊन मोडता येई. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीनं २०१७ पासून चाललेल्या या मंचांवर तेच काम बिलाचं होतं. खरेदीदारानं बिलावर ‘मान्य’ म्हटलं की ते लिलावाला लागतं. बँका बोली लावतात, आणि लावताना पाहतात ती फाउंड्रीची नव्हे, तर खरेदीदाराची पत. समजा ८ टक्क्यांची बोली ठरली. ८,२५,३०० वर ४५ दिवसांचे होतात सुमारे ८,१४० रुपये. तेवढे सोडून बाकीची रक्कम एक-दोन दिवसांत शिरोलीत. मुदत भरली की बँक खरेदीदाराच्या खात्यातून पूर्ण रक्कम घेते, आणि त्यानं दिली नाही तरी फाउंड्रीकडे परत मागायला येत नाही. तारण नाही, जमिनीचा उतारा नाही, जामीनदार नाही. मोठ्या कंपनीच्या एका होकारावर छोट्या कारखान्याला मोठ्या कंपनीच्या दरानं पैसा मिळतो. वीस-पंचवीस माणसांच्या फाउंड्रीत याचा अर्थ पगार वेळेवर आणि भंगार रोखीनं, म्हणजे स्वस्तात.

२५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची केली गेली. ही सक्ती नोंदणीची आहे. शिरोलीचं बिल त्यावर चढवून ‘मान्य’ म्हणायचं की नाही, हे अजूनही चाकणची कंपनीच ठरवते.