मोबाईलद्वारे संकलित सर्वेक्षण-माहितीसाठी सर्व्हरची उभारणी व व्यवस्थापन

प्रस्तावना :

सामाजिक शास्त्रांतील क्षेत्रीय संशोधनात छापील प्रश्नावलीचे स्थान आता मोठ्या प्रमाणात मोबाईलने घेतले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) मुलाखती कागदाऐवजी संगणकावर नोंदविण्यात आल्या. महाविद्यालयीन संशोधक मात्र मोबाईलवरील ॲपचाच विचार अधिक करतात. भरलेली माहिती अखेर कोठे जाते, तिच्यावर ताबा कोणाचा, हा प्रश्न मागे राहतो. प्रस्तुत लेखात ओडीके या मुक्त-स्रोत प्रणालीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

ओडीकेचा आरंभ २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात गाएतानो बोरिएल्लो यांच्या मार्गदर्शनाखाली झाला. तिचा पूर्वीचा सर्व्हर 'ॲग्रीगेट' आता मागे पडला असून त्याची जागा 'सेंट्रल'ने घेतली आहे. जुन्या मार्गदर्शिका पाहून ॲग्रीगेट बसविण्याचा खटाटोप कोणी करू नये.

सर्व्हरची उभारणी :

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील एखादा संगणक सर्व्हर म्हणून वापरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु तो बहुधा अंतर्गत जाळ्यातच दिसतो. गावात बसलेल्या प्रगणकाच्या मोबाईलला तो सापडत नाही. शिवाय वीज गेली की तोही बंद. म्हणून लिनक्स असलेला, किमान दोन जीबी स्मृतीचा भाड्याचा सर्व्हर घेणे श्रेयस्कर होय.

त्यासोबत स्वतंत्र डोमेन-नाव हवे. हे नाव सर्व्हरच्या आयपी पत्त्याशी आधी जोडून घ्यावे आणि ८० व ४४३ हे पोर्ट खुले ठेवावेत. कारण सेंट्रल प्रथम सुरू होताना 'लेट्स एन्क्रिप्ट'कडून सुरक्षा-प्रमाणपत्र मागविते आणि ते देणारी यंत्रणा त्या नावाची पडताळणी करते. नाव जोडलेले नसेल तर प्रमाणपत्र मिळत नाही. पुढचे काम तुलनेने सोपे आहे. डॉकरच्या साहाय्याने सर्व घटक एकत्र उभे राहतात. माहिती पोस्टग्रेएसक्यूएल या आधारसामग्री-प्रणालीत साठते. पहिला प्रशासक मात्र आज्ञा-ओळीवरूनच निर्माण करावा लागतो.

प्रश्नावली आणि प्रगणक :

प्रश्नावली एक्सेलच्या तक्त्यात तयार होते. प्रश्न मराठीत असावेत, पण पर्यायांचे संकेत लहान रोमन अक्षरांत वा अंकांत ठेवावेत; पुढे मराठी शब्दरचना बदलली तरी विश्लेषण बिघडत नाही. सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये थेट उघडल्यास देवनागरी मजकूर पुष्कळदा विस्कटलेला दिसतो. तेथे माहिती बिघडलेली नसते. युटीएफ-८ निवडून फाईल आयात केली की मजकूर नीट दिसतो.

प्रत्येक प्रगणकास स्वतंत्र क्यूआर संकेत द्यावा. त्यातून प्रगणकास प्रश्नावली मिळते व नोंदी पाठविता येतात. इतरांच्या नोंदी मात्र दिसत नाहीत. सोयीसाठी एकच संकेत व्हॉट्सॲपच्या गटात टाकण्याची पद्धत घातक आहे. तो ज्याच्या हाती पडेल त्याला नोंदी पाठविता येतील, आणि एखाद्याचा मोबाईल हरवला तर केवळ त्याचाच प्रवेश रद्द करण्याची सोय राहणार नाही. जाळे नसलेल्या वस्तीत नोंदी मोबाईलमध्येच साठून राहतात. त्या न पाठविता मोबाईल गहाळ झाला तर दिवसभराच्या मुलाखती गेल्या. म्हणून सायंकाळी जाळ्यात आल्यावर पाठविलेल्या नोंदींची मोजणी करण्याचा नियमच करावा.

गोपनीयता :

कौटुंबिक हिंसा, कर्ज, आजार यांविषयी उत्तर देणारी स्त्री संशोधकावर विश्वास टाकून बोलत असते. तिचे नाव, घराचे जीपीएस स्थान आणि उत्तर एकाच तक्त्यात असणे म्हणजे तो विश्वास एका परवलीच्या शब्दावर टांगणे होय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर हा विषय केवळ संशोधकाच्या नीतीचा राहिलेला नाही. नाव आवश्यक नसेल तर विचारूच नये, हा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे.

सेंट्रलमध्ये प्रकल्पासाठी कूटलेखन सुरू करता येते. तसे केल्यास उत्तरे मोबाईलवरच कूटबद्ध होतात व सर्व्हर ताब्यात घेणाऱ्यासही वाचता येत नाहीत. नोंद कधी आली यासारखा तपशील मात्र उघड राहतो. पण त्याची किंमत आहे. नोंदी सर्व्हरवर दुरुस्त करता येत नाहीत, विश्लेषणाच्या साधनांना थेट जोडता येत नाहीत, आणि परवलीचे वाक्य हरवले तर माहिती कोणालाही परत मिळविता येत नाही. एकदा सुरू केलेले कूटलेखन त्या प्रकल्पात बंदही करता येत नाही. त्यामुळे पीकपद्धतीच्या साध्या पाहणीसाठी ते टाळावे, संवेदनशील विषयासाठी मात्र स्वीकारावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते वाक्य कागदावर लिहून विभागप्रमुखांच्या कुलूपबंद कपाटात ठेवावे.

राखण :

आधारसामग्रीची प्रत दररोज दुसऱ्या ठिकाणी जावी आणि सर्वेक्षण सुरू होण्यापूर्वी एकदा तरी त्या प्रतीवरून नवा सर्व्हर उभा करून पाहावा. सर्व्हरचे खाते विद्यार्थ्याच्या वैयक्तिक ई-मेलवर काढू नये; तो पदवी घेऊन गेला की डोमेनच्या नूतनीकरणाची सूचना त्याच्याच पेटीत पडून राहते. खाते विभागाच्या नावे, देयक महाविद्यालयाच्या नावे आणि प्रशासक किमान दोन असावेत.