एरर आली, आता विचारायचं कुणाला?

सबमिशनची आदली रात्र. जर्नल कसंबसं पूर्ण, प्रोजेक्ट अर्धाच चालतोय आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत एरर. पाच-सहा वर्षांपूर्वी अशा वेळी अंधेरी असो की मुलुंड, आयटी आणि कॉम्प्युटरची बहुतेक मुलं एकच करायची. एरर जशीच्या तशी कॉपी करून गुगलवर टाकायची आणि सगळ्यात वर दिसणारी स्टॅक ओव्हरफ्लोची लिंक उघडायची. आता तीच एरर थेट चॅटजीपीटी, जेमिनाय किंवा क्लॉडला जाते. उत्तर दहा सेकंदांत हजर. मग प्रॉब्लेम काय?

आधी थोडं मागे जाऊ. जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोल्स्की या दोघा प्रोग्रामर्सनी २००८मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो सुरू केलं. कल्पना साधी होती. कुणीही प्रश्न विचारायचा, कुणीही उत्तर द्यायचं आणि बाकीच्यांनी मतं द्यायची. चांगलं उत्तर वर जाणार, चुकीचं खाली. २०१४च्या सुमारास इथे महिन्याला दोन लाखांच्या आसपास नवे प्रश्न यायचे. २०२४ संपताना हा आकडा २५ हजारांच्या घरात आला. घसरण आधीच सुरू झाली होती हे खरं, पण ३० नोव्हेंबर २०२२ला चॅटजीपीटी आलं आणि तिला जोरात वेग मिळाला.

लोक का गेले, याचं एक कारण कुठलाही सीनियर हसत हसत सांगेल. तिथे प्रश्न टाकायला भीती वाटायची! ‘हे आधीच विचारून झालंय’ असं म्हणून काही मिनिटांत प्रश्न बंद, वर मायनस मतं. नवख्यांना इथे आपलेपणा वाटत नाही, हे २०१८मध्ये कंपनीनेच जाहीरपणे मान्य केलं होतं. एआय मात्र कधीच ओरडत नाही. एकच गोष्ट रात्री दोन वाजता चौथ्यांदा विचारली तरी तेवढ्याच शांतपणे सांगतो.

दुसरं कारण आपल्या जास्त जवळचं आहे. स्टॅक ओव्हरफ्लोची मुख्य साइट फक्त इंग्रजीत. स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन आणि जपानीसाठी वेगळ्या साइट्स निघाल्या, मराठी-हिंदीसाठी नाही. दहावीपर्यंत मराठी मीडियममध्ये शिकून इंजिनीअरिंगला आलेल्या मुलीला कोड कळत असतो, पण जगासमोर इंग्रजीत प्रश्न लिहायचा म्हटलं की हात अडतो. एआयला ती बिनधास्त विचारते, ‘हा लूप थांबत का नाहीये?’ आणि उत्तरही मराठीत मिळतं. हा फायदा छोटा नाही.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतल्या परड्यू युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी स्टॅक ओव्हरफ्लोवरचे ५१७ प्रश्न चॅटजीपीटीला विचारले. २०२४मध्ये मांडलेल्या या अभ्यासात ५२ टक्के उत्तरांमध्ये काही ना काही चुकीची माहिती निघाली. तेव्हापासून मॉडेल्स सुधारली आहेत. पण अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त विचार करायला लावणारी आहे. उत्तर सविस्तर आणि गोड भाषेत असलं की वाचणाऱ्यांना त्यातली चूक बऱ्याचदा दिसतच नव्हती. स्टॅक ओव्हरफ्लोवर चुकीच्या उत्तराखाली कुणीतरी येऊन ‘हे चालणार नाही’ असं लिहायचं. चॅटमध्ये तुमच्याशिवाय तपासणारं कुणीच नसतं.

जे रोज हेच काम करतात त्यांनाही हे माहीत आहे. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२५च्या सर्व्हेत ८४ टक्के लोकांनी एआय टूल्स वापरतो किंवा वापरणार असं सांगितलं. पण त्याच्या उत्तरांवर भरवसा ठेवणारे फक्त ३३ टक्के, न ठेवणारे ४६. सगळ्यात मोठी तक्रार कुठली? उत्तर ‘जवळजवळ बरोबर’ असतं! पूर्ण चुकलेला कोड लगेच कळतो. जवळजवळ बरोबर असलेला नेमका एक्स्टर्नल समोर बसल्यावर दगा देतो.

आणि एआय हे सगळं शिकला कुठून? इंटरनेटवर माणसांनी लिहिलेल्या मजकुरातून, म्हणजे अशा फुकट दिलेल्या उत्तरांमधूनही. मे २०२४मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने ओपनएआयशी करार केला, तेव्हा काही जण इतके चिडले की त्यांनी स्वतःची जुनी उत्तरं पुसायला सुरुवात केली. साइटने ती परत आणली आणि काहींची खाती तात्पुरती बंद केली. राग समजण्यासारखा आहे. पण आपल्यासाठी प्रश्न पुढचा आहे. उद्या नवीन लायब्ररी आली, नवीन एरर आली आणि सगळ्यांनी आपापल्या चॅटमध्येच ती सोडवली, तर ते उत्तर पुढच्या बॅचला सापडणार कुठे?

उत्तर सगळ्यांसाठी ठेवण्याची ही पद्धत आपल्याकडेही आहे. पवईच्या आयआयटी मुंबईतला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प ओपन सोर्स सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे व्हिडिओ मराठीसह अनेक भारतीय भाषांमध्ये देतो. त्यांच्या फोरमवर व्हिडिओच्या कितव्या मिनिटाला आणि सेकंदाला अडलं ते सांगून प्रश्न विचारता येतो. उत्तर मिळालं की ते पुढच्या विद्यार्थ्यालाही दिसतं.

मग काय, एआय बंद करायचा? अजिबात नाही. पण विचारण्याआधी एरर नीट वाचा. नको असलेला कोड काढत काढत फक्त बिघडलेला भाग वेगळा करा. स्टॅक ओव्हरफ्लोवर प्रश्न टाकायचा तर हे करावंच लागायचं आणि ते करतानाच कितीतरी जणांना उत्तर सापडायचं. एआयने कोड दिला तर सबमिट करण्याआधी त्यातली प्रत्येक ओळ मित्राला समजावून सांगून बघा. जिथे अडखळाल, तिथेच व्हायव्हात अडखळणार.

आणि एखादी अवघड एरर अखेर सुटलीच, तर ती कशी सुटली ते चार ओळींत लिहून बॅचच्या ग्रुपवर टाका. पुढच्या वर्षी सबमिशनच्या आदल्या रात्री एखादी ज्युनिअर तेच शोधत असेल.