गोठ्यातली फियाट आणि पाच वारस

गगनबावड्यात पाऊस मोजून पडत नाही. करूळ आणि भुईबावडा घाटांच्या माथ्यावरचं हे गाव. पावसाळ्यात अंगणातले कपडे वाळत नाहीत, तिथे लोखंडाची काय कथा! त्यामुळे एका ओळखीच्या घरी गोठ्यात १९६७ सालची फियाट झाकून ठेवली आहे असं कळलं, तेव्हा आनंदाआधी धास्तीच वाटली.

शाळा सुटल्यावर मेस्त्रीला घेऊन गेलो. टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांचा संसार. पण रंग मूळचा, मीटर आणि दिवे जागच्या जागी. मालकांच्या इंतकालाला चार वर्षं झाली होती. मुलगा म्हणाला, "सर, ऐंशी हजार द्या आणि घेऊन जा. रंग मारला की नव्यासारखी दिसेल."

मेस्त्रीने बॉनेटला हातही लावला नाही. तो आधी गाडीखाली शिरला. जीपला वेगळी चेसिस असते. फियाटला ती नाही, बॉडी हाच तिचा कणा. म्हणून पायाखालचा पत्रा, दारांखालची पट्टी आणि मागचे पाटे जिथे अडकवतात ती जागा आधी तपासायची. स्क्रूड्रायव्हर टेकवताच आत गेला, तर पत्रा सडला समजा. लोहचुंबक चिकटला नाही, तर तिथे लांबी भरली आहे. नव्या रंगाखाली हे सारं लपतं. म्हणूनच न रंगवलेली गाडी पाहणं बरं. या गाडीला ड्रायव्हरच्या पायाखाली भोक होतं, बाकी कणा शाबूत होता.

इंजिनाला घाईने स्टार्टर मारायचा नाही. प्लग काढून त्या भोकांतून थोडं ऑइल सोडलं आणि दुसऱ्या दिवशी इंजिन हाताने हळूहळू फिरवलं. ते फिरलं. ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची. तिचीच पुढची बहीण पद्मिनी २०२३ पर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावली. न मिळणारा एखादा भाग कोल्हापूरच्या उद्यमनगरात घडवून घेता येतो.

मग कागद मागितले. आरसी बुक मरहूमच्या नावावर होतं. मी विचारलं, "अम्मी आणि बहिणींना विचारलंत?" तो चिडला. "गाडी अब्बांनी माझ्यासाठीच ठेवली होती." मी इसार दिला नाही. गाडी हातची जाईल, हे मला कळत होतं.

आठ दिवसांनी त्याचाच फोन आला. सगळे जमले होते. कर्ज, वसीयत काही नव्हतं. मरहूमचे आईवडीलही हयात नव्हते. हिशोब सोपा होता. ऐंशी हजारांतला आठवा हिस्सा, दहा हजार, अम्मींचा. उरलेल्या सत्तरांत मुलाला अठ्ठावीस आणि तिन्ही मुलींना चौदा-चौदा. धाकटी सही करण्याआधी गाडीत जाऊन बसली. कोणी घाई केली नाही.

आरटीओत आधी वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१, मग विक्रीसाठी २९ आणि ३०. आरसीवरचे चेसिस व इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळलेच पाहिजेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या खाजगी गाडीची 'व्हिंटेज' नोंदणी होते, पण तिचं मूळ रूप बदललेलं चालत नाही. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते. रोज शाळेला नेता येत नाही. म्हणजे हा शौकच. तो कर्ज काढून करू नये.

लालबहादूर शास्त्रींची १९६४ ची फियाट दिल्लीत त्यांच्या स्मारकात आहे. ती घेताना त्यांनी बँकेकडून पाच हजारांचं कर्ज काढलं. १९६६ मध्ये ते गेले, आणि उरलेलं कर्ज ललितादेवींनी पेन्शनमधून फेडलं. ती गाडी पाहणाऱ्याला आधी हीच गोष्ट आठवते.

आमची फियाट अजून त्याच रंगात आहे. पायाखालचा पत्रा तेवढा बदलला. किल्ली देताना अम्मी म्हणाल्या, "बेटा, आता ही गाडी हलकी झाली." गाडीचं वजन तेवढंच आहे, त्यांच्या बोलण्याचा अर्थ मात्र मला समजला.