घाटातली पिकअप : गाडी घेताना काय पाहावे?

गेल्या काही महिन्यांत तीन ओळखीच्या मंडळींनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. एक तळोज्याला ग्रिल आणि शटर बनवणारे कारागीर, दुसरे फर्निचरवाले आणि तिसरे आमच्याच कपडा लाइनीतले. प्रश्न असा : "पिकअप घ्यायची आहे, माल घाटावर न्यायचा असतो, दहा-बारा वर्षे टिकायला हवी. कोणती घेऊ?"

आम्ही काही मेकॅनिक नाही. पण तीस वर्षे कपड्याच्या गाठी गाड्यांवर चढवल्या आणि उतरवल्या आहेत, गाड्या घेतल्या आहेत, विकल्या आहेत आणि एकदा चांगलेच पोळलोही आहोत. म्हणून कंपनीचे नाव सांगण्यापेक्षा गाडी कशी पारखावी, हे लिहिणे आम्हाला जास्त उपयोगाचे वाटते.

नवी मुंबईच्या व्यापाऱ्याला घाट चुकत नाही. पुण्याकडे निघालात तर बोरघाट, नाशिक-मालेगावकडे कसारा, अहिल्यानगरकडे माळशेज आणि पोलादपूरहून महाबळेश्वरकडे आंबेनळी. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि तिथल्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाटाची वळणे टाळता येतात, हे खरे. पण सगळ्याच वाटांवर बोगदे नाहीत आणि आपले गिऱ्हाईक महामार्गाच्या कडेलाच बसलेले असते असेही नाही.

आधी वजन, मग गाडी

बहुतेक जण शोरूममध्ये जाऊन आधी गाडी पाहतात आणि मग मालाचा विचार करतात. हिशोब उलटा हवा. आपला एका फेरीचा माल काट्यावर घाला. समजा, एका गाठीचे वजन ६० किलो आणि फेरीला २५ गाठी, म्हणजे १५०० किलो. त्यात ड्रायव्हर आणि हमाल मिळून दीडशे किलो धरा. ताडपत्री, दोर, स्टेपनी, वरून बसवलेली लोखंडी जाळी हे सगळे वजनच आहे. आता आरसी बुकात पाहा. तिथे रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे वजन असे दोन आकडे असतात. या दोहोंतील फरक तेवढीच तुमची खरी क्षमता. बाहेरून जड बॉडी बांधून घेतली तर ती या फरकातूनच वजा होते.

बाजारात आज पाऊण टनापासून दोन टनांपर्यंत पर्याय आहेत. २००५ साली टाटा एस आली आणि गल्लीबोळातील मालवाहतुकीचे चित्रच बदलले. पण ती शहरातली गाडी. तिच्या वरच्या वर्गात २०११ साली आलेली अशोक लेलँडची दोस्त, २०१९ ची टाटा इन्ट्रा, आणि त्याहून भारी कामाला महिंद्राची बोलेरो पिकअप व टाटा योद्धा. दोन टनांपर्यंत माल नेणारे योद्धाचे मॉडेल २०२२ मध्ये आणि बोलेरो मॅक्स पिकअपचे २०२३ मध्ये निघाले. याहूनही जास्त माल असेल तर १९८६ पासून चालत आलेली ४०७ ची जात आहेच. आमचा नियम असा : नेहमीचा माल गाडीच्या क्षमतेच्या पाऊण हिश्श्यात बसावा. उरलेला पाव हिस्सा घाटासाठी राखीव.

चढणीला काय लागते?

सपाट रस्त्यावर गाडीला फक्त टायरचे घर्षण आणि वारा यांच्याशी झगडावे लागते. घाटात वजनच मागे ओढते. वीस मीटर चालल्यावर एक मीटर चढ, असा साधा घाट धरा. तीन टनांची भरलेली गाडी असेल तर तिला वजनाच्या विसाव्या भागाइतका, म्हणजे दीडशे किलोचा जादा जोर लावावा लागतो. सपाटीवर सावकाश चालताना हाच जोर तीस-चाळीस किलोच्या आसपास असतो. म्हणजे घाटात इंजिनावर चार-पाच पट काम येते.

म्हणून जाहिरातीतील हॉर्सपॉवर पाहून भुलू नये. हॉर्सपॉवर वेगाच्या कामाची. घाटात लागतो तो टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, आणि तोही कमी आरपीएमवर मिळणारा. दीड हजार आरपीएमच्या आसपास भरपूर टॉर्क देणारे डिझेल इंजिन घाटात न कुरकुरता चढते. तेवढाच टॉर्क तीन हजारांवर मिळत असेल तर ड्रायव्हर सारखा गिअर बदलत राहील आणि क्लच प्लेट जळेल.

सीएनजीचा मोह आजकाल सर्वांना आहे. शहरात आणि सपाटीवर तिचा नफा खराच आहे. पण गॅसवर तेच इंजिन जरा ढिले पडते, टाक्यांचे वजन मालातून वजा होते आणि घाटमाथ्याच्या आडवाटेला पंप शोधावा लागतो. आठवड्यातून दोनदा भरून घाट चढणाऱ्याने डिझेलच घ्यावे, असे आमचे मत.

घेण्यापूर्वी रिकामी गाडी चालवून पाहण्यात काही अर्थ नाही. डीलरला सांगा, माल भरून ट्रायल द्या. बेलापूरच्या पारसिक हिलसारख्या चढावर मध्येच गाडी थांबवा आणि पहिल्या गिअरमध्ये पुन्हा उचला. क्लचचा वास न येता गाडी निघाली तर ती घाटाची गाडी.

खरी परीक्षा उतारावर

आता आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक टन वर्गातील जुनी गाडी होती. पाचगणी, महाबळेश्वरच्या दुकानांना चादरी आणि टॉवेल पोचवून ती रिकामी परतत असे. परतीचे भाडे मिळावे म्हणून हंगामात वाशी मार्केटसाठी स्ट्रॉबेरीची खोकी भरू लागलो. आमचा ड्रायव्हर डिझेल फार वाचवायचा. आम्ही त्याला चारचौघांत शाबासकी द्यायचो, ईदला बक्षीसही दिले. तो कसे वाचवतो, हे मात्र कधी विचारले नाही. तो उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडत होता.

फेब्रुवारीतील एका संध्याकाळी आंबेनळी उतरताना ब्रेकचा पाय मऊ पडला आणि मग थेट तळाला गेला. माल क्षमतेपेक्षा जास्त होता. ब्रेक ऑइल तीन वर्षांत बदललेले नव्हते. त्याने कसाबसा दुसरा गिअर टाकला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. दरी दुसऱ्या बाजूला होती. तो वाचला, मुका मार लागला, स्ट्रॉबेरीचा चिखल झाला. त्याच्या आईने आम्हाला एक शब्दही बोलून दाखवला नाही. त्याचे आम्हाला आजही जास्त लागते. दोष ड्रायव्हरचा नव्हता, शाबासकी देणाऱ्या मालकाचा होता.

हे का घडले, ते समजून घ्या. महाबळेश्वर पोलादपूरपेक्षा बाराशे मीटरहून अधिक उंच आहे. तीन टनांची गाडी एवढी खाली उतरते तेव्हा जी शक्ती मोकळी होते, ती सुमारे दहा युनिट विजेइतकी असते. दोन हजार वॅटची शेगडी पाच तास पेटवली तर जेवढी उष्णता होईल, तेवढी. गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर यातील बहुतेक सगळी उष्णता चार चाकांच्या ब्रेकांवर येते. लायनर तापून गुळगुळीत होतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. जुन्या ऑइलमधील पाण्याची वाफ झाली की पाय दाबला तरी जोर चाकापर्यंत पोचतच नाही.

उपाय जुन्या ड्रायव्हरांनी सांगून ठेवलेलाच आहे : ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. गिअरमध्ये असलेले इंजिन स्वतःच गाडीला आवरते आणि ब्रेक वळणापुरता राहतो. आजच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की डिझेलचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो. म्हणजे न्यूट्रलने बचत होते, हा समजही खोटा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. घाटात वास आला तर थांबा, पण तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो.

ओढून नेण्याचा प्रश्न

बंद पडलेली दुसरी गाडी दोराने बांधून घाटातून ओढत न्यावी का? आमचे उत्तर : नाही. ओढणारीचे ब्रेक दोन गाड्यांसाठी बनवलेले नसतात. मागच्या गाडीचे इंजिन बंद असल्याने तिचे ब्रेक आणि स्टिअरिंग जड झालेले असते आणि उतारावर ती पुढच्या गाडीवर येते. क्रेन बोलवा. तिचे भाडे डोळ्यात खुपते, पण ते एकदाच.

टिकाऊपणा कशात असतो?

घाटाच्या कामाला शिडीसारखी वेगळी चासी, मागे लोखंडी पाटे आणि मागच्या चाकांना ओढ असलेली गाडी बरी. चढावर वजन मागे सरकते, म्हणून मागची चाके घट्ट पकडतात. पण पाटे मजबूत आहेत म्हणून दुप्पट माल भरणारे खूप. पाटे तग धरतील, पण बेअरिंग, क्लच, डिफरन्शियल आणि ब्रेक धरणार नाहीत.

आपल्याकडे दुसरा शत्रू गंज. खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. नवी गाडी घेतानाच चासीला खालून गंजरोधक लेप द्या, पावसाळा संपला की खालून धुऊन पुन्हा पाहा. पाटातील फटींत साचलेला चिखल चासी खातो.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांचे एक पथ्य आहे. धुरातील काजळी पकडणारी जाळी ज्या गाडीला आहे, तिला अधूनमधून लांब आणि सलग चालवावे लागते. तेव्हा जाळी तापून काजळी जळते. वाशी ते तुर्भे एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्याची जाळी तुंबते. ज्या गाडीत युरियाची वेगळी टाकी आहे, तिथे भेसळीचा माल घालू नये. आणि सर्वांत मोठी गोष्ट : ज्या मॉडेलचे सुटे भाग महाड, वाई, कराडच्या गॅरेजात मिळतात तेच मॉडेल घ्या.

नवी की जुनी?

व्याजाचे कर्ज टाळणारे आपले अनेक बंधू रोखीने जुनी गाडी घेतात. त्यांनी डोळे उघडे ठेवावे. चासीवर नवे वेल्डिंग आहे का, ते खाली झोपून पाहा. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण काढा. तिथून धुराचा जोर येत असेल तर इंजिन थकले आहे. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी व विमा दोन्ही आपल्या नावावर करून घ्या. दोघा-तिघांनी भागीत नवी घेणेही चांगले, मात्र कोणाचा वार, कोणाचा खर्च, हे आधी कागदावर लिहा.

नवी गाडी घेणाऱ्यासाठी : २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. नोंदणीकृत व्यापाऱ्याला धंद्याच्या मालवाहू गाडीवरील हा कर क्रेडिट म्हणून मिळतो, मात्र त्या रकमेवर पुन्हा घसारा धरता येत नाही.

कागद आणि कायदा

भरलेल्या गाडीचे वजन ३००० किलोपर्यंत असेल तर मोटार वाहन कायद्यानुसार परमिट लागत नाही. काही मॉडेलचे वजन याच आकड्याच्या जरा खाली ठेवलेले दिसते, ते यासाठीच. ७५०० किलोपर्यंतची मालगाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले. फिटनेस पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. जादा माल भरल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनाला २ हजार दंड, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. आणि अपघातात विमा कंपनीशी वाद घालायची पाळी येते, ती वेगळीच.

शेवटी एक हिशोब. योग्य वर्गाची गाडी हलक्या गाडीपेक्षा समजा दीड लाखाने महाग पडली. दहा वर्षांत ते महिन्याला साडेबाराशे रुपये होतात. एक क्रेन, भिजलेली एक गाठ किंवा एक जळालेला क्लच यातच ते निघून जातात. महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार, असे आपले वडीलधारे सांगत आले आहेत. आमच्या गाडीच्या त्या संध्याकाळनंतर आम्ही दोन उसूल पाळतो. ड्रायव्हरला डिझेलच्या बचतीवर बक्षीस देत नाही. आणि गाडी घाटाला निघण्यापूर्वी ब्रेकवर स्वतः पाय ठेवून पाहतो. गाडी आपली असली तरी त्यात बसलेला कोणाचा तरी मुलगा आहे.